कधीही न पेटवलेलं इंजिन

३ फेब्रुवारी, सोमवार

वस्तुसंग्रहालयाचं पत्र आलं. वाफेच्या इंजिनांच्या जुन्या छोट्या नमुन्यांचं प्रदर्शन भरवताहेत आणि मधल्या काचपेटीत माझं नालवालं इंजिन ठेवायचं म्हणतात. ठेवायलाच हवं. दुसऱ्या कोणाकडे आहेच काय? पण पत्राच्या तळाशी एक ओळ आहे. 'तत्पूर्वी आमच्याकडील जाणकार व्यक्ती येऊन वस्तूची तपासणी करतील.' तपासणी! तीस वर्षं मी कारखान्यांचे बॉयलर तपासले. माझी सही झाली नाही तर तीन-तीन मजली भट्ट्या थंड पडून राहायच्या. आमच्या इंजिन-संग्राहकांच्या मंडळात आजही मला सगळे 'तपासनीस' म्हणतात. आणि आता माझ्या घरात येऊन माझं वीतभर इंजिन कोणीतरी तपासणार.

डोकं शांत करायला कपाट उघडलं. त्रेसष्ट इंजिनं आहेत. लोक नावाची पट्टी बघून ओळखतात. पट्टी काय, कोणीही चिकटवतो. मी स्क्रूचे आटे मोजतो, चाकाच्या आऱ्या मोजतो, पत्र्याच्या बुडावर उठवलेल्या विटांच्या ओळी मोजतो, आणि मग प्रत्येकाचं एक कार्ड करतो. नालवाल्या कारखान्याचं नाव कोणालाच माहीत नाही. बुडावर घोड्याचा नाल असतो, म्हणून तो नालवाला. त्याचा हा नमुना फार थोडे दिवस निघाला. चाक लाल, बॉयलर पितळेचा, सांधे कथलाने झाळलेले. तिथेच गोम आहे. आतलं पाणी संपलं आणि खाली स्पिरिटचा दिवा चालू राहिला, की कथील वितळतं आणि बॉयलरचं झाकण गळून पडतं. बाकीची सगळी अशीच मेली, हौशी लोकांच्या हातून. माझं जगलं, कारण ते कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत एकदाही पेटवलेलं नाही. मंडळाच्या पुस्तिकेत मी त्यावर अकरा पानं लिहिली आहेत.

बायकोला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढी इंजिनं आहेत. हेच कशाला? ते हिरवं द्या ना, छान दिसतं."

छान दिसतं म्हणे. अडतीस वर्षं या कपाटाशेजारी राहून हिला एवढंच कळलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते शब्दशः लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मला खोटं पाडणार नाही.

संग्रहालयवाली आली. वय तिशीचं, पाठीवर पिशवी, हातात पांढरे मोजे, कपाळावर दिवा. आल्या आल्या मला 'काका' म्हणाली. मी तिचा काका केव्हापासून झालो? नालवालं टेबलावर ठेवलं. मी ते लोकरीच्या नमद्यावरून उचलतच नाही, महिन्यातून एकदा वरून मऊ कुंचला फिरवतो तेवढाच. हिने सरळ उलटं केलं, चार स्क्रू काढले, बॉयलर बाहेर घेतला आणि डोळ्याला भिंग लावून बसली. दहा मिनिटं बॉयलर बोटांत फिरवत राहिली.

"काका, हे पेटवलेलं आहे."

मी हसलो. "बाई, तुम्ही कोणाच्या घरात बसून बोलताय ते माहीत आहे ना?"

"हो. पण हे बघा ना. पोटाखाली पितळेवर गुलाबी झाक आहे. खूप तापवून नंतर तेजाबात धुतलं की येते तशी. आणि हा मागच्या झाकणाचा सांधा... सुई लावू का?"

लावा म्हटलं. कथलावर सुई ओढली की ओरखडा उठतो. तिने ओढली. सुई घसरली. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली.

"कथील नाही. चांदीने झाळलंय."

तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन दारात. संग्रहालयवाली स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ज्याने कोणी केलंय ना, त्याचा हात फार सुरेख आहे. एक थेंब ओघळलेला नाही. मला नाही जमणार असं."

"खरंच?" बायकोने विचारलं.

माझं नाक कापलं जातंय आणि ही विचारते, खरंच? मी म्हटलं, चहा ठेव आणि जा. ती गेली, पण दाराआड उभी होती. रिकाम्या ट्रेची कड फटीतून दिसत होती.

जाताना ती बाई म्हणाली की वस्तू घेऊ, पण 'कधीही न पेटवलेलं' असं पाटीवर लिहिता येणार नाही. मी तिला जिन्यापर्यंतही पोचवायला गेलो नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस जेवण गेलं नाही. आज दुपारी स्वतः सुई घेतली. चांदीच आहे. सबंध झाकणाला, एकसारखी, केसाएवढी रेघ.

अठ्ठावीस वर्षं माझ्या कपाटात चोरीचा माल असावा तसं हे बसलंय आणि मला पत्ता नाही. मी परत कशाला तपासणार? ओळख एकदाच पटवायची असते. आलं त्या दिवशी मी दोन तास भिंगाखाली घातलं होतं. कार्ड काढून पाहिलं, माझ्याच अक्षरात आहे : 'सांधे कथलाचे, अखंड, सुईने तपासले.' म्हणजे मला फसवलं. आणि फसवणारा एकच, ज्याने ते मला विकलं. घड्याळजी. चौकातल्या त्या खुराड्याएवढ्या दुकानात डोळ्याला भिंग अडकवून बसतो, सगळं गाव त्याला देवमाणूस म्हणतं. त्याने चांदीवर कथलाचा मुलामा दिला असणार. मग तो मुलामा गेला कुठे, हे अजून नीट कळलेलं नाही. पण घड्याळवाल्यांचे हात बारीक असतात, त्यांना काहीही जमतं.

चाळीस-चाळीस दिवस दौऱ्यावर राहून, परक्या गावांच्या विश्रामगृहांत ढेकणांबरोबर झोपून मी हा संग्रह उभा केला. आणि हा माणूस दर महिन्याला मंडळाच्या सभेला माझ्या शेजारी बसून माझा चहा पितो!

रविवारी सभा आपल्याकडेच आहे. बरं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगून टाकलं. सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

आठजण होते. अध्यक्ष म्हणून माजी मुख्याध्यापक, तो दातांचा डॉक्टर (हा आपली इंजिनं बागेत पेटवून शेजाऱ्यांच्या पोरांना शिट्या ऐकवतो, याला संग्राहक कोण म्हणेल), आणि बाकीचे नेहमीचे. घड्याळजी नेहमीसारखा खिडकीजवळ. पंच्याहत्तरी गाठली आहे त्याने, पण मी वयाचा मुलाहिजा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. बॉयलर सगळ्यांच्या हातात फिरवला. मग म्हटलं, "हा माणूस बनावट माल विकतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याने माझ्या डोळ्यांत धूळ फेकली."

घड्याळजीने बॉयलर हातात घेतला, सांध्यावरून अंगठा फिरवला, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. असं हसू, की जुनं कोणी भेटलंय. मग तो म्हणाला, "हे बघा तपासनीस, त्या वर्षी तुम्ही चाळीस दिवस बाहेर—"

"माझ्या दौऱ्यांचा इथे काय संबंध?" मी ओरडलो.

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे माझी बायको उभी होती, हातात कपबश्या. तो किती वेळ बघत होता कोण जाणे. मग बॉयलर टेबलावर ठेवला, अगदी हळू, आणि म्हणाला, "असेल. माझं नाव कमी करा मंडळातून."

झालं! आता याहून कबुली ती काय असते? मुख्याध्यापक 'शांत व्हा, शांत व्हा' करत राहिले. मी कशाला शांत होऊ?

घड्याळजी गेला आणि पाठोपाठ बायको कचऱ्याचा डबा घेऊन खाली गेली. पाहुणे बसलेले असताना! वीस मिनिटांनी वर आली. कचरा टाकायला वीस मिनिटं लागतात? आणि डबा परत आणला तो भरलेलाच. हल्ली हिचं डोकं ठिकाणावर नसतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बायको बोलत नाही. वाढते आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसते. पाहुण्यांसमोर माझा आवाज चढला म्हणून असेल. चढला तर चढला. मी काही कोणाच्या अंगावर हात टाकत नाही. उभ्या आयुष्यात घरात कोणावर हात उगारलेला नाही, वस्तू फेकल्या असतील चार, त्या कोणाला लागल्या नाहीत.

मंडळाच्या चाळीस सभासदांना पत्र लिहिलं. सदर घड्याळजीकडून कोणीही वस्तू घेऊ नये, दुरुस्तीस देऊ नये, त्याचा प्रामाणिकपणा संशयास्पद आहे. चांगलं झणझणीत उतरलंय. संग्रहालयवालीलाही एक प्रत पाठवली आणि सोबत माझ्या कार्डाची नक्कल, म्हणजे बाईंना कळेल की मी तेव्हा किती काटेकोर होतो.

तिकिटं चिकटवायला बायकोला बोलावलं. तिने वरचं पत्र वाचलं.

"त्यांचं दुकान आहे हो," ती म्हणाली.

"म्हणूनच लिहिलंय."

"पाठवू नका."

"का?"

तिने पत्र घडी करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "तुमची तिकिटं तुम्ही चिकटवा." अडतीस वर्षांत पहिल्यांदा. चिकटवली माझी मी. टाकून पण आलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी संग्रहालयवालीचा फोन.

"काका, तुमचं कार्ड मिळालं. फार छान नोंद ठेवता तुम्ही. पण एक विचारू? 'सुईने तपासले' लिहिलंय. सुई तुम्हीच लावली होती ना?"

"मग काय शेजाऱ्याने लावली?"

"मग तेव्हा ते कथीलच होतं. चांदीवर कथलाचा पातळ हात असता तर तुमच्या सुईखाली चांदी लागली असती. तुम्हाला कळलंच असतं." वर आणि म्हणते, "तुम्ही काही चुकणारे नाही." म्हणजे माझीच स्तुती माझ्याच गळ्यात अडकवते! "हे काम तुमच्याकडे आल्यानंतर झालंय, काका."

मी सांगितलं, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याजवळ असते.

"कायम?"

मी फोन आपटला.

कायमच असते. दौऱ्याला जाताना तेवढी बायकोकडे द्यायचो, आग-बिग लागली तर असावी म्हणून.

वळलो तर ती मागेच उभी होती. मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "मी केलं."

पुढचं आज लिहीत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तिने सांगितलं ते असं.

मुलगी सात वर्षांची होती. मी चाळीस दिवसांच्या दौऱ्यावर. पोरीला आठवडाभर ताप, अंथरुणात पडून कंटाळलेली, आणि एकच धोशा, बाबांचं लाल चाकाचं इंजिन चालताना बघायचंय. मी निघाल्यापासून आठव्या दिवशी हिने कपाट उघडलं.

इथे मी विचारलं, "पाणी कोणतं घातलंस?"

"नळाचं."

"नळाचं? त्या बॉयलरमध्ये नळाचं पाणी?"

मग तिचा आवाज असा चढला, की मला वाटलं दुसरीच कोणी बाई घरात शिरली. "अठ्ठावीस वर्षं मी हे पोटात ठेवलंय, आणि तुम्हाला पाण्याची पडलीय? हो, नळाचं! गरम पण नाही केलं आधी! लिहा कार्डावर!"

मी ऐकून घेतलं. सवय नाही, पण घेतलं.

ते चाललं म्हणे. अकरा मिनिटं चाललं. ती म्हणते, इतका गोड आवाज होता, पोरगी टाळ्या पिटत होती, शिटी वाजवली तेव्हा दोघी ओरडल्या. माझं इंजिन. त्याचा आवाज कसा आहे हे मला माहीत नाही आणि या दोघींना माहीत आहे! मग गॅसवर दूध उतू गेलं, ती आत धावली, भांडं उतरवून ओटा पुसून येईपर्यंत पाणी संपलेलं. झाकण टेबलावर पडलेलं, आणि पोर भिंतीला टेकून उभी. रडत नव्हती म्हणे. एवढंच म्हणाली, "आई, आता बाबा काय करतील?"

बत्तीस दिवस उरले होते. दुसऱ्याच दिवशी पंच्यात गुंडाळून ती इंजिन घड्याळजीकडे घेऊन गेली. तो म्हणाला, "वहिनी, मी हात लावणार नाही. तपासनिसांनी मला कधी विचारलं, तुम्ही यात काही केलंत का, तर मला नाही म्हणता आलं पाहिजे. पण तुम्हाला शिकवतो. आणि चांदीनेच करा. कथील पुन्हा कधी सुटेल, सांगता येत नाही." पोर बरी होऊन शाळेत जायला लागल्यावर रोज दुपारी ही त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. फुंकणी, टाकणखार, पितळेच्या नळीचे तुकडे. एकोणीस तुकडे बिघडले. विसावा बरा झाला म्हणून त्याने तिला आणखी दहा करायला लावले. मग बॉयलर. मी परत आलो त्याच्या चार दिवस आधी इंजिन नमद्यावर होतं.

"ते म्हणाले, वहिनी, तुमच्या हातात आहे हे. दुकानात येत जा, काम देतो. मी काय सांगून येणार होते? कुठे शिकले म्हणून सांगणार होते तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला तेव्हाच सांगायचं होतंस. मी काय तुला खाल्लं असतं?"

ती म्हणाली, "जिन्यात तुमचा पाय वाजला की आम्ही दोघी टीव्ही बंद करायचो."

मी कधी टीव्ही बंद करायला सांगितलेलं नाही. एकदाही नाही. तसं मी तिला म्हटलंसुद्धा. त्यावर ती उठून आत गेली.

राग तर येतोच आहे. पण कोणावर काढावा, हेच नक्की होत नाहीये. दुपारभर घरात फेऱ्या मारल्या. रविवारी आठ माणसांसमोर तो म्हातारा एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. मी त्याला चोर म्हणत होतो आणि तो माझ्या बायकोची अब्रू सांभाळत उभा होता. माझ्याच घरात, माझ्यापासून. याचा तर सगळ्यात जास्त संताप येतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घड्याळजीच्या दुकानात गेलो. दोन वेळा चौकापर्यंत जाऊन परत फिरलो, तिसऱ्यांदा पायरी चढलो.

माझी पत्रं पोचलेली होती. कारण दातांचा डॉक्टर समोरून बाहेर पडत होता, हातात वर्तमानपत्रात बांधलेलं भिंतीवरचं घड्याळ, अर्धवट दुरुस्तीचं. परत घेऊन चालला होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, जसं काही आम्ही दोघं एका पक्षाचे. तोंडात मारावीशी वाटली. पण त्याला पत्र कोणी पाठवलं होतं?

घड्याळजी भिंग लावून कामात. मान वर न करता म्हणाला, "घड्याळ आणलंय?"

"नाही."

"मग जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

बाजूला झालो. त्याच्या टकलाकडे बघत जे म्हणायचं ते म्हटलं. चुकलं. मला सगळं कळलंय. माफ करा. हे तीन तुकडे बाहेर काढायला मला किती वेळ लागला, ते भिंतीवरच्या सतरा घड्याळांना माहीत.

त्याने चिमट्यात धरलेला स्क्रू जागेवर बसवला, मग भिंग काढलं. "वहिनींना काही बोलला नाहीत ना?"

"नाही."

"आठजणांसमोर बोललात, चाळीसजणांना लिहिलंत. इथे आता मी एकटा आहे. मला सांगून काय उपयोग?"

"मी सगळ्यांना पत्र लिहितो."

"लिहा," म्हणाला आणि भिंग परत डोळ्याला लावलं.

घरी येईपर्यंत मी भांडत होतो. मनातल्या मनात, त्याच्याशी. एवढा ताठा कशाला? मी पायरी चढून गेलो होतो! आणि मग घराचा जिना आला. माझा पाय वाजला तसा आत टीव्हीचा आवाज एकदम थांबला. ती एकटीच होती घरात. बहुधा तिच्याही लक्षात आलं, कारण मी दार उघडलं तेव्हा तिने तो परत लावला होता, आधीपेक्षा मोठा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पत्राचा पहिला मसुदा : 'काही गैरसमजामुळे मागील पत्रात...'

बायकोने वाचलं. "कुणाचा गैरसमज?"

दुसरा मसुदा : 'सदर दुरुस्ती घरातील एका व्यक्तीने केल्याचे निष्पन्न झाले.'

"घरातली व्यक्ती म्हणजे कोण, मांजर?"

मी पेन आपटलं. शाई उडाली. ती तिथून हलली नाही. पूर्वी अशा वेळी ती फडकं आणायला जायची. आज खुर्ची ओढून समोर बसली. मी शेवटी स्वतः उठून फडकं आणलं, टेबल पुसलं, सदऱ्याच्या बाहीला लागली ती लागलीच.

तिसऱ्यात लिहिलं, 'माझ्या पत्नीने.'

"माझं नाव लिहा. माहेरचं आडनावसुद्धा."

लिहिलं. ते आडनाव मी शेवटचं लग्नाच्या नोंदणीत लिहिलं होतं. पुढे लिहिलं, की दुरुस्ती अव्वल आहे, घड्याळजींचा त्यात काही दोष नाही, मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, आणि याबद्दल पुढच्या सभेत सर्वांसमोर त्यांची माफी मागणार आहे. 'खोटा आळ' हे दोन शब्द लिहिताना दात आवळून धरले होते. तिने चाळीस पत्रांना तिकिटं चिकटवली. एकही वाकडं नाही.

संग्रहालयवालीला फोन करून सांगितलं. म्हटलं आता ती इंजिन नको म्हणेल. तर ही बाई नाचायचीच बाकी! आता तर हवंच म्हणाली, बॉयलर वेगळा काढून, झाकण प्रेक्षकांकडे करून ठेवणार. पाटीवर कारागीर म्हणून बायकोचं नाव. आणि संग्राहक म्हणून माझं, खाली, बारीक. अकरा पानं लिहिली होती मी. त्यांचं काय करायचं, ते कोणी विचारत नाही.

दुपारी बायको बाहेर निघाली. "दुकानात जातेय, चारला येईन." विचारलं नाही, सांगितलं. परत आली तेव्हा बोटाला भाजल्याचा फोड होता आणि चेहरा खुशीत. मी विचारलं, "लावायला काही देऊ का?" तिने मान हलवली. नको म्हणून की हो म्हणून, मला कळलं नाही. मी मलम आणून ठेवलं. ते तसंच पडून आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बायको आंघोळीला गेलेली असताना तिचा फोन वाजला. मुलीचा. ती दूरच्या शहरात असते, आईशी रोज बोलते, माझ्याशी वाढदिवसाला. मी उचलला.

"आई?"

"मी आहे."

"ओह. बाबा. आई कुठाय?"

"आंघोळीला." मग वाटलं, आता हिलाही सांगून मोकळं व्हावं. चांगल्या मनानेच बोललो. "मला कळलं बरं का. इंजिनाचं. तुम्ही दोघींनी पेटवलं होतं ते."

मला वाटलं फोन कटला.

"हॅलो?"

"आई कुठाय?" तिने परत विचारलं. आवाज वेगळाच होता, बारीक. पस्तीस वर्षांची बाई आहे ती, हाताखाली माणसं आहेत तिच्या.

"सांगितलं ना, आंघोळीला गेलीय."

"कधी कळलं तुम्हाला?"

"झाला एक आठवडा."

"आई मला काही बोलली नाही." तिचा श्वास ऐकू येत होता. "बाबा, बाथरूमचं दार वाजवा. मला तिचा आवाज ऐकायचाय."

"अगं, मी तिला काही केलेलं..."

"दार वाजवा."

मी गेलो. दार वाजवलं. आत पाणी वाहत होतं, ते बंद झालं, आणि बायकोने विचारलं, "काय आहे?" मी फोन दाराच्या फटीशी धरून उभा राहिलो, ती पुन्हा बोलेपर्यंत.